टाइल्सवाल्यांच्या कानातला सा

आमच्या दवाखान्यात कान तपासायचं काम करणाऱ्या माणसाला सगळे कानमास्तर म्हणत. डॉक्टर वेगळे. डॉक्टर कानात बघायचे, मास्तर कानाला ऐकवायचे. जाड गादीच्या भिंतींची एक छोटी खोली होती, तिला एक काच. आत पेशंट हेडफोन लावून बसायचा, बाहेर मास्तर यंत्रातून बारीक बारीक सूर सोडायचे आणि सूर ऐकू आला की पेशंटने हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर टेबलावर नंबर लावायचे. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर बसत होतो, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मास्तरांना सिनेमाला संगीत द्यायचं होतं. गाणी नव्हेत. गाण्यांचं त्यांना काही वाटत नसे. कोणी दार उघडतं, कोणी पत्र वाचतं, कोणी नुसतंच खिडकीशी उभं राहतं, तेव्हा मागे जे वाजतं ते त्यांना करायचं होतं. घरी एक कीबोर्ड होता, एक जुना कॉम्प्युटर होता. सिनेमा मात्र कोणी देत नव्हतं. मग जे समोर दिसेल त्यालाच ते संगीत द्यायचे. ‘पेशंट नंबरची वाट बघतो’ नावाची त्यांची सात मिनिटांची एक रचना होती. ‘डॉक्टर हात धुतात’ ही त्याहून छोटी, पण फार गंभीर.

चाल तयार झाली की त्यांना कोणाचं तरी मत हवं असे. आणि मत देणारं माणूस मिळणं हे चाल करण्याहून अवघड.

पहिली मी. मधल्या सुट्टीत ते माझ्या कानाला हेडफोन लावायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे.

“काय वाटलं ताई?”

“छान आहे.”

ते वही काढून लिहायचे. एकदा मी वही पाहिली. लिहिलं होतं, ‘ताई - छान. म्हणण्याआधी घड्याळाकडे पाहिलं.’

त्यांच्या बायकोची ड्रायव्हिंग स्कूल होती. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, असं काम. बाई एकदम सरळ. चाल ऐकून म्हणायच्या, “अहो, दुसऱ्या मिनिटाला क्लच न दाबता गिअर टाकलाय. झटका बसतो.” मास्तर म्हणायचे, ही एकटीच खरं बोलते, पण हिला गाडीपलीकडे काही दिसत नाही. तरी घरी जाऊन तो झटका ते काढून टाकायचे, हे मला माहीत आहे.

मग त्यांच्या डोक्यात पेशंट आले. तपासणी संपली की ते गंभीर चेहऱ्याने माइकवर सांगायचे, “आणखी दोन मिनिटं बसा. आता जिथे मनात काही वाटेल तिथे बटण दाबा.” पेशंटला वाटायचं, हाही तपासणीचाच भाग. एक गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बटण दाबूनच बसले, न जाणो बहिरे ठरवतील म्हणून. एका निवृत्त शाळा तपासनिसांनी एकदाही दाबलं नाही आणि बाहेर येऊन मला हळूच विचारलं, “मी नापास का?” एक बाई मात्र रडत बाहेर आल्या. मास्तर त्या आठवड्यात जमिनीपासून वीतभर वर चालत होते. नंतर कळलं, हेडफोनखाली बाईंच्या कानातली कुडी दाबली जात होती. त्यांनी डॉक्टरांकडे तक्रार केली आणि पेशंटांच्या मनात काय वाटतं ते विचारणं डॉक्टरांनी बंद करून टाकलं.

याच सुमाराला दवाखान्याच्या बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या निघाल्या. माप घ्यायला दुकानाचे मालक स्वतः आले. पन्नाशीचे, हातात मीटरची टेप, शर्टाच्या खिशात टाइल्सचे छोटे तुकडे. माप घेता घेता त्यांनी मास्तरांच्या टेबलावरून येणारं ‘डॉक्टर हात धुतात’ ऐकलं आणि टेप हातातून सुटून सर्रकन आत गेली.

“हे कोणाचं?”

“माझं,” मास्तर म्हणाले.

“पाण्याचं आहे ना? हात धुण्याचं?”

मास्तर खुर्चीवरून उठून उभेच राहिले. न सांगता ओळखणारा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

टाइल्सवाले सिनेमा काढत होते. एक माणूस एका घरी पाहुणा म्हणून जातो, बाथरूममध्ये जातो, बाहेरून चुकून कडी लागते. घरच्यांना वाटतं तो न सांगता निघून गेला, म्हणून तेही गावाला निघून जातात. बस, एवढाच सिनेमा.

“सगळा बाथरूममध्येच?” मी विचारलं.

“एक तास अठ्ठावन्न मिनिटं,” ते म्हणाले. “पण टाइल्स मध्ये मध्ये बदलतात.”

“त्या कशा बदलतील?”

“त्याच्या मनाची अवस्था बदलते तशा.”

बाथरूम त्यांनी आपल्याच गोदामात बांधलं होतं. काम करणारा नट म्हणजे त्यांच्या दुकानातला फरशी बसवणारा कारागीर. तासन्‌तास ओल्या जमिनीवर बसायची सवय असलेला दुसरा माणूस मिळेना म्हणून. मास्तरांनी चित्रीकरण पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पंधरा दिवसांत पहिल्या प्रसंगाचं संगीत तयार झालं. माणूस कडी वाजवतो, आधी सभ्यपणे, मग जोरात. मास्तरांनी ते पाठवलं. टाइल्सवाल्यांचं उत्तर आलं: ‘सगळं उत्तम. फक्त ती शिट्टी काढा.’

शिट्टी कुठे होती? मास्तरांनी चार वेळा ऐकलं. त्यांना वाटलं बासरीला शिट्टी म्हणत असतील. बासरी काढली. उत्तर आलं, ‘शिट्टी आहेच.’ व्हायोलिनं काढली. ‘शिट्टी आहेच.’ झांजा काढल्या, घंटी काढली, कीबोर्डचे वरचे सूर काढले. आठव्या खेपेला नुसता एक ढोल उरला. टाइल्सवाल्यांनी लिहिलं, ‘ढोल मस्त. पण मास्तर, शिट्टीचं बघा.’

मास्तर त्या दिवसांत वाळून गेले. पेशंटला सूर ऐकवताना मध्येच स्वतःच्या कानाला हेडफोन लावून बघायचे. “ताई, ढोल शिट्टी कशी वाजवेल?” मला विचारायचे. मी म्हटलं, “अहो, मोठ्या माणसांना काही ना काही सुचवावंच लागतं. तुम्ही काढली म्हणून सांगा.” त्यांना ते पटलं नाही. खोटं बोलून मिळालेलं मत त्यांना वहीत लिहायचं नव्हतं.

नवव्या खेपेला घाई झाली. घरी पाहुणे, कॉम्प्युटर अडकलेला. मास्तरांनी चुकून कोरी फाइल पाठवली. दोन मिनिटं बावीस सेकंद, आत काहीच नाही. सकाळी दवाखान्यात उत्तर आलं. मास्तरांनी ते वाचलं आणि फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, ‘बाकीचं का काढलंत? आता नुसती शिट्टीच राहिली. एकदम स्पष्ट येते.’

मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे. मग त्यांनी डोक्यावर हात मारून घेतला.

“एकोणीस वर्षं,” ते म्हणाले, “एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

टाइल्सवाल्यांना बोलावून घेतलं. ते खुशीत आले, वाटलं नवी चाल ऐकवणार. मास्तरांनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि एकेक सूर सोडायला लागले. “शिट्टी याच्यासारखी? की ही? याहून वर? जरा खाली?” पाऊण तास चाललं. शेवटी टाइल्सवाल्यांनी बोट वर केलं. सूर पेटीवरच्या काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध निघाला, खूप वरच्या सप्तकात.

“हीच,” ते म्हणाले. “हीच ती. सापडली बघा. आता बंद करा.”

“बंदच आहे,” मास्तर म्हणाले. “मघाशीच बंद केला.”

टाइल्सवाले जरा वेळ ऐकत बसले.

“मग वाजवतंय कोण?”

“तुम्ही.”

ही गोष्ट त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला, कारण या शिट्टीपायी त्यांनी अकरा वर्षांत काय काय केलं होतं. फ्रिज बदलला. तीन पंखे बदलले. घराजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर संशय आला म्हणून वीज कार्यालयात सतरा अर्ज दिले. शेवटी घरच सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. पहिल्याच दिवशी नव्या घरात शिट्टी.

“मला वाटलं, इथेही ट्रान्सफॉर्मर असणार,” ते म्हणाले. “आमची ही सांगत होती, मला काही ऐकू येत नाही. मी तिलाच म्हणायचो, तुझे कान तपासून घे.”

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाला धोका काही नाही, पण हा आवाज काढूनही टाकता येणार नाही. सवय करून घ्या. टाइल्सवाले उठले, खिशातले टाइल्सचे तुकडे उगाच बाहेर काढून परत आत ठेवले.

“मग संगीत राहू द्या मास्तर. काहीही वाजवलं तरी वर ती बसणारच.”

तिसऱ्या दिवशी मास्तर दाढी न करता आले आणि मला म्हणाले, “शिट्टी काढता येत नाही, पण तिला सामावून घेता येईल. तिलाच सा धरायचा.”

मला सुरातलं कळत नाही, पण सा म्हणजे घर, एवढं मास्तरांनी मला समजावलं होतं. चाल कुठेही हिंडू दे, परत येते ती तिथे. तर टाइल्सवाल्यांच्या कानातल्या शिट्टीला त्यांनी घर केलं आणि सगळी वाद्यं त्या अडनिड्या सुराला लावली. मागे तंबोऱ्यावर तोच सा धरला. टाइल्सवाल्यांना ऐकवलं. ते डोळे मिटून बसले.

“मास्तर, सा दोनदा येतोय.”

“दोनदा?”

“एक तुमचा, एक माझा. तुमचा काढा.”

मास्तरांनी आपला काढला. पुन्हा ऐकवलं. यावेळी टाइल्सवाल्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, “अकरा वर्षांत आज ती पहिल्यांदा सुरात वाजली.”

पण बाकीच्यांच्या कानात तो सा नव्हता, त्याचं काय? मी ऐकलं तर मला अंधारात एक पायरी कमी पडल्यासारखं झालं. मी नेहमीप्रमाणे छान म्हटलं आणि मास्तरांनी वहीत काहीच लिहिलं नाही. बायकोने गाडीतच ऐकलं. गाडी बाजूला घेऊन थांबवली.

“अहो, हे न्यूट्रलमध्ये आहे. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबताय, गाडी हलत नाही. सा कुठाय?”

“टाइल्सवाल्यांच्या कानात.”

“आणि बाकीच्यांनी काय करायचं?”

मास्तरांनी सगळ्या सिनेमाचं संगीत तसंच पुरं केलं.

पहिला खेळ रविवारी सकाळी अकरा वाजता, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. खुर्च्या दीडशे, टाइल्सवाल्यांचे नातेवाईक चाळीस. रिकामं दिसू नये म्हणून डॉक्टरांनी आमच्या पेशंटांना बोलावलं. त्यामुळे त्या दिवशी त्या सभागृहात कानाला मशीन लावलेली जितकी माणसं होती तितकी कुठल्याच सिनेमाला आली नसतील.

सिनेमा सुरू झाला. फरशीवाल्याने काम चांगलं केलं होतं. ओल्या जमिनीवर तो इतका मनापासून बसला होता की बघणाऱ्याला गारठा वाटावा. पण अर्ध्या तासात लोक चुळबुळायला लागले. कोणी घसा खाकरतंय, कोणी खुर्ची सरकवतंय. कोणालाच सांगता येईना काय होतंय. काहीतरी यायचं राहिलंय असं प्रत्येकाला वाटत होतं. पडद्यावर तो माणूस नळाची तोटी पुसत होता आणि चाल घिरट्या घालत होती. मास्तर माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते.

आणि तेवढ्यात शिट्टी ऐकू आली.

बारीक, लांब, न तुटणारी. मला ऐकू आली, पुढच्यांना ऐकू आली, सगळेच माना वळवायला लागले. तिसऱ्या रांगेत एक आजोबा बसले होते, आमचेच पेशंट. आजारपणात वाळले होते, त्यामुळे मशीनचा कानात बसणारा भाग सैल झाला होता. तसा तो झाला की मशीन शिट्टी घालतं. इतका वरचा सूर आजोबांना स्वतःला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ते शांतपणे तोटी पुसणं बघत होते.

मास्तरांची बायको पलीकडून वाकून म्हणाली, “अहो, तुमचाच पेशंट आहे. जा ना.”

मास्तर हलले नाहीत. त्यांनी मान तिरकी केली होती. मग हळूच म्हणाले, “काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध. केसाचा फरक.”

“म्हणजे?”

“थांब. दोन मिनिटं थांब.”

मी खोटं सांगत नाही, सभागृह बदललं. खुर्च्यांचा आवाज थांबला. ती चाल इतका वेळ उंबऱ्याशी घुटमळत होती, ती आत आली. पडद्यावरच्या माणसाने तोटी पुसून झाल्यावर आरशात पाहिलं आणि माझ्या मागच्या रांगेतली एक बाई नाक ओढायला लागली. शिट्टीचा लोकांना त्रासही होत होता आणि ती बंद व्हावी असंही कोणाला वाटत नव्हतं.

पहिल्या रांगेत टाइल्सवाले उभे राहिले. पडद्याकडे पाठ करून त्यांनी बायकोला विचारलं, “तुला ऐकू येते?”

“काय?”

“शिट्टी.”

“येते की. केव्हाची येतेय.”

“खरंच येते?”

“अहो, सगळ्यांना येतेय. बसा तुम्ही.”

ते बसले नाहीत. एकेका रांगेशी जाऊन विचारत सुटले, “तुम्हाला येते? तुम्हाला?” लोक म्हणत होते येते, येते. अकरा वर्षं त्या माणसाने जो आवाज एकट्याने सोसला होता, तो आज नव्वद माणसं ऐकत होती. शेवटी मधल्या वाटेतल्या पायरीवर ते बसले आणि मुलासारखे हसायला लागले.

प्रसंग संपला. मास्तर उठले, तिसऱ्या रांगेत गेले, आजोबांच्या कानाशी वाकून त्यांनी मशीन नीट दाबून बसवलं. शिट्टी थांबली. काळोखातून टाइल्सवाल्यांचा आवाज आला, “कोणी बंद केली?”

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी टाइल्सवाले दारात. आजोबांना प्रत्येक खेळाला आणायचं, त्यांना न्यायला-सोडायला गाडी, पुढची खुर्ची, सगळी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. फक्त मास्तरांनी त्यांच्या मशीनला हात लावायचा नव्हता.

मास्तरांनी तोवर आजोबांना सकाळी नऊची वेळ दिली होती, कानाचं नवं माप घ्यायला.

“निदान दोन आठवडे तरी थांबा,” टाइल्सवाले म्हणाले.

“त्यांना घरात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. मशीन बोलणं आत पोचवायचं सोडून कानात शिट्टी घालत बसतं.”

“माझ्याही कानात असते.”

“तुमची मला काढता येत नाही,” मास्तर म्हणाले. “त्यांची येते.”

दिग्दर्शकाला नाही म्हणण्याची मास्तरांची ही पहिलीच वेळ. त्यांनी आजोबांना आत घेतलं आणि दार लावलं. टाइल्सवाले माझ्यासमोरच्या बाकावर पाऊण तास बसून होते. मी त्यांना पाणी दिलं. माप देऊन आजोबा बाहेर आले तेव्हा टाइल्सवाल्यांनी त्यांना विचारलं, काल सिनेमा कसा वाटला. आजोबा म्हणाले, “टाइल्स कुठल्या दुकानातल्या होत्या?”

मार्ग निघाला तो मास्तरांच्या बायकोने काढला. ती म्हणाली, शिकाऊ गाडीत ब्रेक दोन असतात, एक त्याच्या पायाखाली, एक माझ्या. तसंच करा. मग मास्तरांनी सगळ्या संगीतात सा परत घातला, सभागृहासाठी. टाइल्सवाल्यांसाठी बिनसाची प्रत वेगळी ठेवली. प्रत्येक खेळाला ते पहिल्या रांगेत हेडफोन लावून बसायचे, आणि बाकीच्यांहून जरा आधी हसायचे किंवा जरा नंतर रडायचे, कारण दोन्ही प्रती एकाच क्षणी सुरू करणं कधी जमलं नाही.

सिनेमा पाच रविवार चालला. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. तिसरी ओळ संगीताची होती: ‘पार्श्वसंगीतात काही खटकत नाही.’

मास्तरांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि दवाखान्यात सगळ्यांना विचारत फिरले, ही स्तुती आहे की काय आहे. मी म्हटलं स्तुतीच. बायको म्हणाली, गाडी न हिसकता पोचली म्हणजे पास. डॉक्टर म्हणाले, “मी रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहितो, तेव्हा पेशंट आनंदाने घरी जातो.”

“पण मी पेशंट नाही ना,” मास्तर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

टाइल्सवाल्यांनी आता दुसरा सिनेमा काढायचं ठरवलं आहे. तो सगळा स्वयंपाकघरात घडतो. मागच्या बुधवारी मास्तर अर्धी सुट्टी टाकून त्यांच्या गोदामात गेले होते, तिथल्या ओट्यावर भांडं ठेवलं की कसा आवाज येतो ते ऐकायला.